तामियाची फ्रेम: पुढचा भाग पास, मागचा नापास

सायकलवाल्यांच्या फोरमवर ओळख झालेल्या तामियाच्या शीलाचा निरोप आला तेव्हा मी जबलपुरात राइट टाउनच्या माझ्या क्लिनिकमध्ये एका काकांचा आखडलेला खांदा सोडवत होते. फोनवर फोटो होता. हिरव्या रंगाची, जागोजागी खरचटलेली फुल सस्पेन्शन सायकल भिंतीला टेकवलेली. खाली लिहिलं होतं, “फ्रेम बेचनी है. स्मॉल साइज है दीदी, आपकी हाइट की. पर फोटो देखके मत लेना, आके चलाके देखो.”

काकांचा हात मी जरा जास्तच वर नेला असावा, कारण ते ओरडले.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच, वय चव्वेचाळीस. जबलपूरच्या काळ्या खडकांच्या टेकड्यांवर मी सहा वर्षं सायकल चालवते आहे. माझ्या जुन्या सायकलला फक्त पुढे शॉक, म्हणजे धक्का झेलणारा भाग, मागे सरळ लोखंडासारखी ताठ फ्रेम. मागच्या वर्षी एका खडकावरून उतरताना मागच्या चाकाने मला असं उडवलं की गळ्याजवळचं हाड मोडलं. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना ‘घाई करू नका’ सांगणारी बाई सात आठवडे गळपट्टीत हात अडकवून बसली होती. नवरा हेमंत सकाळी आठला ऑफिसला जायचा. मग भाजी चिरणं, माझ्या ताटात पोळीचे तुकडे करून ठेवणं, एवढंच काय, बुटाच्या नाड्या बांधणं, हे सगळं माझ्या सासऱ्यांनी केलं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आम्ही तिघंच.

बरी झाल्यावर मी जाहीर केलं की आता मागेही शॉक असलेली फ्रेम घेणार, म्हणजे चढही चढता येईल आणि उतारही अंगावर येणार नाही. फ्रेम शोधायला लागले आणि कळलं की माझ्या मापाची मिळतच नाही. वापरलेल्या फ्रेम निघतात त्या सगळ्या मीडियम नाहीतर लार्ज. नवीन मागवायची तर बाहेरून येणार, महिनोन्‌महिने वाट पाहायची, आणि किंमत ऐकून हेमंत नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, “घे. पण बाबा तपासून हो म्हणतील तीच.”

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात फिरवायचा आणि ठरवायचं, पास की नापास. सायकलीतलं त्यांना काही कळत नाही, धातूतलं सगळं कळतं. शीलाचा फोटो त्यांनी फोनवर मोठा करून पाच मिनिटं पाहिला.

“यात जोड किती आहेत पाहिलं का? हा, हा, हा... म्हणजे इतक्या ठिकाणी मोडू शकते.”

“बाबा, इतक्या ठिकाणी हलते म्हणून तर चांगली.”

“हलते तेच झिजते. चलो, पाहून घेऊ. मी येतो.”

मला वाटलं होतं ते फोनवरच नाही म्हणतील. बहात्तराव्या वर्षी पावणेतीनशे किलोमीटर यायला तयार होतील असं नव्हतं वाटलं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही अधारतालच्या आमच्या घरून निघालो. गाडीच्या मागच्या काचेवर सायकलचा रिकामा स्टँड, मागच्या सीटवर बाबांची कापडी पिशवी. त्यात भिंग, टॉर्च, जाडी मोजायचं व्हर्नियर, सुताची गुंडी, सुती फडकी, खडूचा डबा, स्पिरिट आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत रॉकेल. रॉकेल आता कुठे मिळतं ते मी विचारलं नाही.

रस्त्याचं सांगायचं तर जबलपूर ते नरसिंहपूर उत्तम. तिथून हर्रई, अमरवाडा, छिंदवाडा आणि मग तामिया. हर्रईवरून एक जवळचा रस्ता आहे म्हणतात, पण आम्ही छिंदवाड्यावरून लांबून गेलो, कारण बाबांना ‘जवळचा’ या शब्दावर विश्वास नाही. नरसिंहपूरच्या पुढेमागे थंडीत जाल तर काचा खाली करा. उसाचा रस कढत असतो, हवाच गोड लागते. एका गुऱ्हाळावर थांबून आम्ही कोमट गूळ खाल्ला, घरी न्यायला दोन भेल्या घेतल्या. अमरवाड्याला पोहे-जिलेबी, दोघांचे मिळून शंभराच्या आत. चहावाल्याने रिकाम्या स्टँडकडे पाहून विचारलं, “अंकल जी, क्या लेने जा रहे हो?”

“सायकल, तामिया से,” बाबा म्हणाले.

“तामिया? सायकल तो हमारे यहां भी मिलती है. घंटी के साथ.”

बाबा माझ्याकडे वळले. “याच्याकडे घंटीसकट मिळते म्हणतो. घ्यायची का? परत जाऊ.” पुढचे दहा किलोमीटर स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

छिंदवाड्यानंतर रस्ता चढू लागतो आणि सागाची, मोहाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात. दीड वाजता तामियाला पोचलो. शीलाने तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एका घरगुती मुक्कामाची सोय केली होती. दोन स्वच्छ खोल्या, गरम पाण्याची बादली, जेवणासकट दोघांचं दिवसाला दोन हजारांच्या आत. रजया जाड आहेत, तरी स्वतःचे लोकरीचे मोजे न्या. जेवायला मक्याची भाकर, भाजलेल्या टमाट्याची चटणी आणि कुटकी या बारीक भरडधान्याचा भात. बाबांनी भाकर तीनदा मागून घेतली आणि वाढणाऱ्या बाईंना सांगितलं की त्यांची आई अमरावतीकडे अशीच, पण ज्वारीची करायची.

संध्याकाळी शीला भेटायला आली. फोनवरच्या आवाजावरून मी उंच बाई कल्पिली होती. प्रत्यक्षात ती माझ्यापेक्षा अर्धा इंच बुटकी निघाली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलोच. वय चौतीस, जवळच्या गावातल्या शाळेत खेळ शिकवते. नवरा दिनेश प्रवाशांची जीप चालवतो. लग्नाआधी दोघंही सायकलच्या शर्यतींत जायचे. शीलाला आता एका शुभचिंतकाकडून नवी फ्रेम मिळाली होती. चाकं, ब्रेक, हँडल ती नव्या फ्रेमला लावणार होती, म्हणून हिरवी फ्रेम मोकळी होणार होती.

“कल सुबह आराम से देखना,” ती म्हणाली. “बाबूजी पहले चेक कर लें, फिर चलाना.”

इथे मी चूक केली, ती लिहिते.

सकाळी सातला मला जाग आली. बाहेर धुकं, शेजारच्या खोलीत बाबांचं घोरणं. मी शीलाच्या घरी गेले. ती अंगणात सायकल पुसत होती. मी म्हटलं, बाबा उठायच्या आत एक चक्कर मारू? तिने एकदा माझ्याकडे, एकदा सायकलकडे पाहिलं. सायकलवाल्यांना हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. तिने शेजारणीची सायकल घेतली आणि आम्ही निघालो.

तिने आधी मला फ्रेमच्या मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीला टेकवून उभं केलं. नळी आणि मी यांच्यात चार बोटं अंतर. आयुष्यात पहिल्यांदा. मग पेडलवर उभं राहायला लावून कोपरं पाहिली. ती सहज वाकत होती, खांदे ताणत नव्हते. मग बसवलं आणि मागच्या शॉकवरचं छोटं रबरी कडं किती सरकतं ते पाहून शॉकमधली हवा कमी केली. नुसतं बसल्यावर शॉक पंचवीस ते तीस टक्के दबला पाहिजे. यापेक्षा कमी दबला तर फ्रेम ताठ, जास्त दबला तर चढावर झोके खाते. फ्रेम घेणाऱ्यांनो, हे तिन्ही करून पाहिल्याशिवाय रंगाच्या प्रेमात पडू नका. मागचं चाक किती वर-खाली होतं याचे आकडे फोरमवर वाचून मी डोकं पिकवलं होतं. जास्त म्हणजे चांगलं, असं वाटायचं. हिचं एकशे चाळीस मिलीमीटर. शीला म्हणाली, “इससे ज्यादा लोगी तो उतरोगी मजे से, चढोगी रो-रोके.”

गावामागून पायवाट दरीच्या काठाने जाते. खाली पाताळकोट, म्हणजे चहूबाजूंनी कड्यांनी घेरलेलं प्रचंड खोलगट खोरं. त्यात भारिया आदिवासींची गावं, वर आलेल्या चुलींच्या धुराच्या रेघा. वाटेवर मुळं, सुटे दगड, मग गुडघ्याएवढ्या पायऱ्या पायऱ्यांचा खडक. असल्याच खडकाने माझं हाड मोडलं होतं. ब्रेक सोडला. पुढचं चाक उतरलं, आणि मागचं... मागचं चाक माझ्या मागून शांतपणे खाली आलं. उडवलं नाही, ढकललं नाही. मी खाली पोचून उभी राहिले आणि मला रडू आलं. शीलाने पाण्याची बाटली पुढे केली.

परत आलो तर बाबा शीलाच्या अंगणात खाटेवर बसलेले. पिशवी मांडीवर.

“चालवून आली?”

“एक छोटीशी चक्कर, बाबा.”

“तपासायच्या आधी.” एवढंच. आवाज चढवला नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कोणावर ओरडायची गरज पडू दिली नसणार.

मग काम सुरू झालं. चाकं काढली, फ्रेम खाटेवर आडवी ठेवली. फुल सस्पेन्शन फ्रेम म्हणजे खरं तर दोन भाग असतात: पुढचा त्रिकोण, ज्यावर आपण बसतो, आणि मागचा, ज्यात चाक असतं. दोन्ही बेअरिंगांवर जोडलेले, मध्ये शॉक. बाबांनी आधी नुसतं पाहिलं, बोटाने प्रत्येक जोड चाचपला. पुढच्या भागाला अर्धा तास लागला. मग मागच्या भागाच्या खालच्या नळीवर, जिथे ती मुख्य बेअरिंगच्या घराला वेल्ड केलेली असते, तिथे भिंग थांबलं.

“इथे रंग तडकलेला आहे. रंगच आहे की खालचं आहे, पाहू.” त्यांनी शीलाला विचारलं, “बेटा, थोडा पेंट घिस दूं?”

रंग घासून जागा स्पिरिटने पुसली. रॉकेल लावलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसून काढलं. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर दिला. तो पांढरा सुकला. “आता थांबा,” म्हणाले. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर रेघ उमटते. कारखान्यात यासाठी मोठी यंत्रं होती, पण गावात खडू पुरतो.

आम्ही तिघं त्या दोन इंच पांढऱ्या जागेकडे पाहत बसलो. शीलाची कोंबडी खाटेखालून जाऊन आली. पाच मिनिटं काही नाही. मी मनात आनंदायला लागले होते. मग केसासारखी एक करडी रेघ उमटली. नखाएवढी. वेल्डच्या कडेने वाकलेली.

“नापास,” बाबा म्हणाले.

मी तासापूर्वी कुठून उतरले होते ते मला आठवलं. पण शीलाचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. ती खाटेच्या कडेवर बसली. “बाबूजी, इस पे मेरी लड़कियां चलाती हैं. छह लड़कियां. शनिवार को ढलान पे प्रैक्टिस कराती हूं.” तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. बराच वेळ ती फक्त “मुझे पता नहीं था” म्हणत राहिली.

बाबा तिच्या शेजारी बसले. “पता चल गया ना. किसी के गिरने से पहले पता चल गया. रोने का काम नहीं है.”

मी वेल्डिंगचा विषय काढला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. जोड धरेल, पण ॲल्युमिनियमला तापवलं की शेजारचा धातू मऊ पडतो, आणि पुन्हा कडक करायची भट्टी तामियात नाही. ‘वेल्ड मारून देतो, चालून जाईल’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

शीलाने विक्री रद्द केली. मी म्हटलं ठीक आहे, आणि ते ठीक नव्हतं. दुपारी दिनेशने आम्हाला जीपमधून दरीच्या काठावर नेलं, उगाच घरात बसून काय करणार म्हणून. छिंदी गावाच्या पुढे रातेडचा कडा आहे, तिथून सगळं खोरं दिसतं. जीपचे पैसे त्याने घेतले नाहीत. तुम्ही जाल तर अर्ध्या दिवसाचे हजार-बाराशे धरून चला आणि सूर्य कलायच्या आत परत या. काठावर एक म्हातारी चिरोंजी, म्हणजे आपली चारोळी, आणि मोहाचे लाडू विकत होती. खालच्या गावातून डोक्यावर मोळी घेऊन चढून आलेल्या दोन बाया तिच्याजवळ दम खात बसल्या. या वाटा त्यांच्या रोजच्या आहेत. सायकल नेलीत तर त्यांना आधी वाट द्या.

बाबा कड्याजवळच्या दगडावर पाठमोरे बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

“बाबा, सकाळचं चुकलंच माझं.”

“हाव, चुकलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुझ्या हाताला पट्टी होती ना, तेव्हा मी रोज पाहायचो, तू झोपेतही खांदा सांभाळून राहायची. आता पुन्हा ते पाहायचं नाही, एवढंच आहे. सायकल चालवू नको असं मी कधी म्हटलं का?”

नव्हतं म्हटलं. मीच धरून चालले होते की अट म्हणजे नकार. त्यांनी खिशातून लाडू काढून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मग एकदम विचारलं, “मला एक सांग. या फ्रेम लहान, मध्यम, मोठ्या असतात म्हणते. माणूस पुढच्या भागावर बसतो. मग माप बदलतं ते पुढच्या भागाचं. मागचा भाग कंपनी काहून वेगवेगळा बनवेल? आम्ही असतो तर एकच साचा ठेवला असता.”

मी दिनेशला हाक मारली. त्याने प्रश्न ऐकला आणि दरीकडे तोंड फिरवलं. मला कळलं, याला उत्तर माहीत आहे.

“एक ही आता है,” तो शेवटी म्हणाला. “मेरी भी वही मॉडल है. मीडियम.”

त्याची फ्रेम शीलाच्या फ्रेमची जोडीदार होती. दोघांनी एकाच वेळी घेतलेली, तिची लहान, त्याची मध्यम. तीन वर्षांपूर्वी घराबाहेर सायकल आडवी पडली होती आणि त्याने स्वतःच जीप मागे घेतली. पुढच्या भागाची खालची नळी चेपली. तेव्हापासून ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. आम्ही परत आलो तेव्हा तो मला गोठ्यात घेऊन गेला. निळी फ्रेम. धुळीखाली शर्यतीचा नंबर अजून चिकटलेला.

“भोपाल, इंदौर, सब जगह पूछा, कोई ठीक कर दे,” तो म्हणाला. “टंगी है तो लगता है, कभी चलेगी.”

मी काय मागत होते ते मला तेव्हा समजलं. मागचा भाग काढून घेतला की ही फ्रेम कधीच चालणार नव्हती. मी म्हटलं, “रहने दो भैया, मैं दूसरी ढूंढ लूंगी.” आणि मी खरंच तसं म्हणत होते.

बाबा मात्र म्हणाले, “नीचे तो उतारो. देख लेते हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, बाबांनी ती फ्रेम तपासली. आधी पुढचा भाग. चेपलेली नळी लांबूनही दिसत होती, उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तासभर लावला. सूत ताणून पाहिलं, व्हर्नियरने चार ठिकाणी मोजलं, खडू लावला, थांबले. दिनेश सगळा वेळ समोर उकिडवा बसून होता. शेवटी बाबांनी चष्मा काढला.

“बेटा, ये नहीं चलेगी. कोई ठीक करके दे भी दे, तो मत चलाना.”

“पक्का, बाबूजी?”

“पक्का.”

दिनेशने नळीवरच्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला. मला वाटलं तो फ्रेम उचलून परत टांगेल. त्याने शीलाला हाक मारली. “एलन-की का डिब्बा ला, बोल्ट खोलने हैं.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तो फिर उतार ही लेते हैं, दीदी. किसी के काम तो आए.”

मागचा भाग तपासायला बाबांना दीड तास लागला. सगळे वेल्ड खडूखाली गेले. मी या वेळी मनात काही ठरवलं नाही. त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले. “पास,” असा आवाज आला तेव्हा सुपातले तांदूळ सांडले. दोन्ही फ्रेमच्या बेअरिंगघरांची रुंदी त्यांनी तीनदा मोजली. फरक केसाचाही नाही. “चांगला कारखाना आहे,” म्हणाले, जणू तिथल्या लोकांना ओळखत होते.

जोडणी दिनेशने केली. हिरवा पुढचा भाग, निळा मागचा. एक बेअरिंग खरखरत होतं. त्याचा नंबर साधाच होता, जबलपूरला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल असा, आणि मिळालाही. तुम्ही वापरलेली फ्रेम घ्याल तर मागचं चाक धरून आडवं हलवा. कट्-कट् लागलं तर बेअरिंग गेलेली आहेत. ती बदलता येतात, घाबरू नका. चिरेला मात्र घाबरा.

चाकं लावली आणि दुपारी तीनला आम्ही त्याच वाटेवर गेलो. या वेळी बाबा बरोबर चालत आले. काठी दिनेशने तोडून दिली. पायऱ्यांच्या खडकापर्यंत उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी वर थांबले. ते खडकाच्या बाजूला पाय रोवून उभे राहिले, जिथे मी पडले तर पोचता येईल अशा जागी.

“इथून येते का तू?” त्यांनी खालून विचारलं.

“हो.”

“हे पाहून मी कधीच हो म्हटलं नसतं,” ते म्हणाले. “ये आता.”

मी उतरले. काल जशी उतरले होते तशीच, पण काल मी एकटीच्या आनंदात होते. खाली पोचले तेव्हा बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, मागच्या शॉककडे पाहत होते. “पुन्हा ये एकदा. दबते कुठपर्यंत ते नीट दिसलं नाही.” मी चार वेळा वर गेले आणि चार वेळा उतरले. चौथ्या वेळी त्यांनी टाळी वाजवली. एकच.

निघताना फ्रेमच्या किमतीवरून शीलाशी माझा वाद झाला. ती मागचा भाग नापास झाल्याने निम्मेच घ्यायला निघाली होती, मी दोन फ्रेमचं मिळून जास्त द्यायला. दिनेशने मध्ये पडून मूळची रक्कम ठरवली आणि विषय संपवला. चिरलेला मागचा भाग बाबांनी खडूच्या रेघेसकट शीलाच्या हातात दिला. “स्कूल में टांगो. लड़कियों को दिखाओ कि दरार कैसी दिखती है.” शीला वाकून त्यांच्या पाया पडली. रविवारी दुपारी आम्ही अधारतालला पोचलो. हेमंतने गेट उघडलं, दोन रंगांची फ्रेम पाहिली आणि म्हणाला, “ही अशीच येते?”

“नाही,” बाबा म्हणाले. “अशी एकच आहे.”

याला आता तीन महिने झाले. माझ्या जुन्या सायकलची चाकं आणि ब्रेक काढून हिच्यावर चढवले. आठवड्यातून तीनदा टेकड्यांवर जाते. चढावर ही जुनीपेक्षा थोडी जड वाटते, उतारावर मी आता दात आवळत नाही. कोणी विचारलं की फुल सस्पेन्शन फ्रेम कशी निवडावी, तर मी माप, चाकाचं वर-खाली होणं, शॉक, बेअरिंग सगळं सांगते. पण मला माझी फ्रेम निवडीने कमी आणि माणसांनी जास्त मिळाली. एका बाईने फोटोवर घेऊ नका म्हणून सांगितलं. एका माणसाने आढ्यावरची आशा खाली उतरवून दिली. आणि एक माणूस, ज्याला मी माझ्या वाटेतली अट समजत होते, तो खडकाखाली काठी रोवून उभा राहिला. हे ऋण फेडण्याजोगं नाही, आणि फेडावंसं वाटतही नाही.

मागच्या आठवड्यात शीलाचा फोन आला. मी “बोल शीला” म्हटलं तर ती म्हणाली, “दीदी, आप नहीं. बाबूजी को दो.” तिच्या शाळेत सहाच्या आता अकरा मुली झाल्यात, कुठून कुठून जुन्या सायकली गोळा केल्यात, आणि एकही न तपासता चालवू द्यायची नाही असं तिने ठरवलंय. बाबांनी दोन दिवसांत खडूचे चार डबे आणले. मी क्लिनिक बंद ठेवून बरोबर येते म्हटलं, तर म्हणाले, “काहून? तुझं काय काम तिथं?” आणि छिंदवाड्याच्या बसने एकटेच गेले.

संध्याकाळी पाचला मी फोन केला. मागे मुलींचा गलका, कोणीतरी चाक फिरवत असल्याचा आवाज.

“बाबा, पोचलात ना नीट? जेवलात का?”

“नंतर जेवतो. ठेव आता,” ते म्हणाले, “पोरी थांबून राहिल्या.”